शोदोशिमाचा ओला जून

आठ जून, शनिवार. ताकामात्सु बंदर ते शोदोशिमा बेट, फेरीबोटीची चार तिकिटं, एकूण दोन हजार आठशे येन, रोख. हजर: मी, बायको सुजाता, मुलगी मैत्री, आणि नागपूरच्या उन्हाळ्यातून पळून आमच्याकडे सिंगापूरला आलेली माझी आई. या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. आकडे माझ्या लक्षात राहतात. रस्ते आणि चेहरे फारसे राहत नाहीत. त्या सहलीचं मात्र वेगळं आहे. आकडा आठवला की त्याच्या मागून वास येतो, पावसाची ओल येते.

सिंगापुरात आम्ही राहतो त्या बिशानमध्ये जून आल्याचं मला कॅलेंडर पाहून कळत नाही. आमच्या ब्लॉकखाली दिवसाउजेडी पोरं बॅडमिंटन खेळू लागतात, म्हणजे शाळांना सुट्टी लागली. आणि एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या वाटेवर फळवाल्याकडे ड्युरियनचे काटेरी ढीग लागतात, त्यांचा वास लिफ्टपर्यंत सोबत येतो. इतरांना त्या वासानं भूक लागते किंवा मळमळतं. मला धडधड होते. माझं नाक आणि इथे नोकरी करायचा माझा परवाना, एम्प्लॉयमेंट पास, यांचं काहीतरी नातं जुळून गेलंय.

त्या वर्षी माझा पास नऊ जुलैला संपत होता. कंपनीनं नूतनीकरणाचा अर्ज केला होता आणि उत्तर येत नव्हतं. सुजाता आणि मैत्री यांचे पास माझ्या पासला बांधलेले. माझा गेला की त्यांचे गेले, आणि मग सामान बांधायला हातात राहतात ते थोडे दिवस. मैत्रीचं ओ लेव्हलचं वर्ष होतं, म्हणजे आपल्याकडची दहावीच म्हणा, परीक्षा ऑक्टोबरात. चार वर्षांची असताना ती इथे आली. तिला अर्ध्या वर्षातून उचलून नागपूरच्या कुठल्या शाळेत, कुठल्या बोर्डात घालायचं, याचा विचार मी अंघोळ करताना करायचो, बसमध्ये करायचो, मीटिंगमध्ये करायचो. माझं वय एकोणपन्नास. या वयात नागपुरात कोण नोकरी देतं, याचाही.

सहल फेब्रुवारीतच ठरली होती. तेव्हा पासचा प्रश्न पडेल असं कुणाच्या मनात नव्हतं. जून आला तेव्हा मी म्हणालो, रद्द करूया. सुजाता म्हणाली, "घरी बसून फोनकडे बघणार, ते तिथे जाऊन बघा. निदान आम्हाला समुद्र दिसेल."

तसंच झालं. फेरीच्या वरच्या डेकवर तिघी कठड्याला टेकून छोटी छोटी बेटं मोजत होत्या. समुद्र असा शांत, की आईनं विचारलं, "हा तलाव आहे का रे?" आणि मी बाकावर बसून ईमेल उघडत होतो, बंद करत होतो. शनिवार होता, त्या दिवशी काही येणार नव्हतं, हे मला माहीत होतं. तरी उघडत होतो.

शोदोशिमा ऑलिव्हचं, सोया सॉसचं आणि बारीक शेवयांचं बेट. जपानमध्ये जूनमध्ये पाऊस असतो. आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता लोंबकळत राहतो. डोंगरावर जायच्या रोपवेच्या तिकीटखिडकीत त्या माणसानं हात हलवून सांगितलं, वर धुकं आहे, काही दिसणार नाही. मैत्री म्हणाली, "इतक्या लांब आलोय तर जाऊ ना." गेलो. पाळण्याच्या काचेबाहेर सगळीकडे पांढरं. मधेच एक झाडाचा शेंडा आला आणि गेला. खाली आल्यावर मैत्री हसत होती. मी मात्र त्या पांढऱ्या काचेत माझा जुलै पाहून आलो होतो.

सोया सॉसच्या कारखान्यातला वास अजून माझ्या नाकात आहे. आंबलेला, खारट, थोडा गुळाच्या काकवीसारखा. माणसाहून उंच लाकडी पिंपं, आणि वर तुळयांवर, भिंतींवर काळ्या बुरशीचा जाड थर. दाखवणारी मुलगी फोनवर भाषांतर करून सांगत होती, की ही बुरशी पुसत नाहीत. ती आहे म्हणून सॉसला चव आहे. पिंपं दुसऱ्या इमारतीत हलवली तर चव येईलच असं नाही. आमच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे काळा ठिपका दिसला तरी मी ब्लीच घेऊन धावतो, घरमालकीण डिपॉझिटमधून कापेल म्हणून. बारा वर्षांत आम्ही चार घरं बदलली. प्रत्येक घर सोडताना भिंती अशा धुऊन दिल्या, की आम्ही तिथे राहिलो होतो याची खूणसुद्धा राहू नये. त्या पिंपांपाशी मी बराच वेळ उभा राहिलो. सुजाताला वाटलं, मला सॉसमध्ये फार रस आहे.

बाहेर दुकानात तिनं सॉसची मोठी बाटली उचलली.

"एक लिटर आठशे. वर्षभर पुरेल."

"वर्षभर कुठे?" मी म्हणालो.

तिनं मोठी बाटली जागेवर ठेवली आणि शंभर मिलीची छोटी घेतली. तिथून पुढे प्रत्येक दुकानात हेच. ऑलिव्हच्या लाकडाचा उलथना घेतला, कारण हलका. निळ्या नक्षीची मोठी ताटली तिनं तीनदा हातात घेतली आणि तीनदा ठेवली. "फुटेल," असं तीच म्हणाली, पण ती फुटण्याची गोष्ट नव्हती. आठवण म्हणून वस्तू घ्यायची तर ती कुठल्या घरातल्या कुठल्या फडताळावर बसेल हे आधी डोळ्यांपुढे यावं लागतं. आमच्या डोळ्यांपुढे फडताळच येत नव्हतं.

आईला यातलं काही नव्हतं. ती शेवयांच्या घरात रमली. तिथे पीठ दोन काठ्यांना गुंडाळून ताणत नेतात, आणि मग लांब काड्यांनी धागे सुटे करतात. आई दारातूनच ओरडली, "अवं, या त आपल्या हातशेवया!" तिच्या माहेरी, भंडाऱ्याकडच्या गावी, उन्हाळ्यात अंगणात काठ्यांवर अशाच शेवया टाकत. तिथल्या बाईनं तिच्या हातात काड्या दिल्या. आईनं धाग्यांत काड्या घालून अलगद खाली ओढल्या. एकही धागा तुटला नाही. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या. नंतर त्याच शेवया थंडगार पाण्यातून काढून सॉसमध्ये बुडवून खायला दिल्या. आईनं पिशवीतून ठेच्याची बाटली काढली. त्या बाईनं बोटाच्या टोकानं चाखला आणि तोंड धरून आत पळाली. मी सोडून सगळे हसले. मी सिंगापूरमध्ये किती वाजले असतील ते बघत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी समुद्रात वाळूची वाट उघडते ती पाहायला गेलो. ओहोटी लागली की किनाऱ्यापासून समोरच्या छोट्या बेटापर्यंत वाळू उघडी पडते, भरती आली की बुडते. वेळा फलकावर लिहिलेल्या असतात. असल्या गोष्टी मला आवडतात: निसर्गानं वेळापत्रक पाळावं. आम्ही पलीकडे पोचलो, शिंपले पाहिले, मैत्रीनं फोटो काढले. परत निघालो आणि वाळूच्या मधोमध माझा फोन थरथरला. आमच्या ऑफिसची एचआर ग्लॅडिस, रविवार असून. "पदवीच्या पडताळणीचे कागद मागितले आहेत. शक्य तितक्या लवकर पाठवा."

सव्वीस वर्षांपूर्वीची पदवी. बारा वर्षांत कुणी विचारली नव्हती. मी तिथेच उभा राहिलो. कागद कुठे आहेत, बिशानच्या कपाटात की नागपूरच्या ट्रंकेत. पडताळणीला किती दिवस. नऊ जुलैला किती दिवस. दोन्ही बाजूंनी पाणी वाळूवर पातळ चढत होतं, मला दिसत होतं, पण ते दुसऱ्या कुणाकडे येतंय असं वाटत होतं.

"पापा, फास्टर लाह!" मैत्री पलीकडून तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली. "बूट भिजतील! काय करताय तिथे?"

बूट भिजलेच. परतीच्या बसमध्ये मोज्यांतून पाणी पिळताना मी तिघींना कागदांचं सांगितलं. सुजाता म्हणाली, "निळ्या फाइलमध्ये आहेत. मी बघितलेत." मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, "अहो, नक्की." आईनं पिशवीतून संत्र्याची गोळी काढून मला दिली, मी सात वर्षांचा असल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई पांढरी साडी नेसून तयार. आमच्या घरात नवस, गंडे-दोरे आजोबांच्या दीक्षेबरोबर सुटले. पण विहारात जायचं तर पांढरी साडी, मेणबत्ती, अगरबत्ती आणि फुलं. आईनं नागपूरहून निघतानाच ती साडी बॅगेत तळाशी ठेवली होती: बुद्धाला मानणारा देश आहे, एक तरी विहार पाहायचं. बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची जुनी यात्रा आहे. त्या दिवसापुरती गाडी भाड्यानं घेऊन त्यातलं एक आम्ही गाठलं, दगडी पायऱ्या चढून.

आत पोचल्यावर आई गोंधळली. अंधारात दिवे, एक रागीट चेहऱ्याची मूर्ती, होमाच्या राखेचा वास, एका बाजूला ताईत विकायला.

"इतके देव कायले लागतात यांना?" ती हळूच म्हणाली.

ताईतांच्या पेटीवर इंग्रजीत चिठ्ठ्या होत्या: प्रवास, परीक्षा, बाळंतपण, आरोग्य. मी त्या वाचत जरा जास्तच वेळ थांबलो असणार. आई मागून म्हणाली, "पासासाठी नाही दिसत."

मी कानापर्यंत लाल झालो. मैत्री खुदकन हसली. मग आईला एका कोनाड्यात शांत बसलेला बुद्ध सापडला. तिनं फुलं ठेवली, गुडघ्यांवर हात ठेवून कष्टानं बसली आणि त्रिशरण, पंचशील म्हटलं. दारातला भिक्षू हात जोडून ते संपेपर्यंत उभा राहिला. पाली त्याला कितपत कळली कोण जाणे.

पायऱ्या उतरून खाली आलो तर रस्त्याकडेला एक अगदी म्हातारी बाई छत्रीखाली स्टुलावर बसलेली. आईला पाहताच उठली, कमरेत वाकली, आणि पिशवीतून केळीच्या पानात गुंडाळावा तसा कागदात गुंडाळलेला भाताचा गोळा, एक पिवळं मोठं फळ आणि कागदात बांधलेलं शंभर येनचं नाणं काढून आईच्या ओंजळीत ठेवलं. आईनं दोन्ही हातांनी घेतलं, मान लववली. "संत्र्याची मोठी बहीण दिसते," फळाकडे पाहून म्हणाली.

मैत्रीनं फोनवर शोधलं. इथले यात्रेकरू पांढरे कपडे घालतात. त्यांना वाटेत लोक खायला देतात, पैसे देतात. यात्रेकरूला दिलेलं दान म्हणजे आपणही यात्रेत चाललो. बाईंनी पांढरी साडी पाहिली आणि आईला यात्रेकरू समजल्या.

मी म्हणालो, "आई, परत करायला हवं. आपण यात्रेकरू नाही. आपण गाडी भाड्यानं घेऊन आलोय."

"काहून परत?"

"आपलं नाही ते. त्यांचा गैरसमज झालाय. आपण तर रोज पंचशीलात म्हणतो, जे आपलं नाही ते घ्यायचं नाही."

आई चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिनं तोच चेहरा केला. "नीट म्हण. न दिलेलं घ्यायचं नाही. हे तिनं दिलंय. माह्या हातात दिलंय."

"पण यात्रेकरू समजून."

"मंग? मी काय चोरून घेतलं? तुले कुणी काही दिलं की तू आधी पाहतो, चुकून त नाही दिलं. मग ते हातात धरून उभा राहतो, खात नाही, ठेवत नाही."

"कॅनॉट रिटर्न लाह, पापा," मैत्री म्हणाली. "व्हेरी रूड. इथे लिहिलंय, घ्यायचं आणि आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची."

चिठ्ठी आमच्याकडे कुठली? मी पुन्हा पायऱ्या चढलो. मंदिराच्या खिडकीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा मिळाला. तिथल्या बाईनं पेन दिलं आणि कुठे काय लिहायचं ते बोटानं दाखवलं. तारीख. नाव. वय. इच्छा. पत्ता.

खाली येऊन छत्रीखाली मी आईसाठी लिहू लागलो. नाव लिहिलं, वय शहात्तर लिहिलं. पत्त्यापाशी पेन थांबलं. आईचा पत्ता नागपूर. पण ती म्हणाली, चौघांचं मिळून एकच लिही, बाईनं सगळ्यांना दिलंय. मग आमचा पत्ता कुठला? बिशानचा लिहावा तर महिन्याभरानं तो खोटा ठरेल कदाचित. नागपूरचा लिहावा तर आजच खोटा. इतक्या वर्षांत किती फॉर्मांवर मी तो पत्ता लिहिला, ब्लॉक, मजला, पोस्टल कोड, एका दमात. त्या दिवशी एका अनोळखी म्हातारीसाठी लिहिताना हात चालेना. कुणी तपासणार नव्हतं. म्हणूनच बहुधा.

"लिही ना," आई म्हणाली. "पाऊस येऊन राहिला."

"कुठला लिहू?"

"सहल संपल्यावर कुठं जायचं आहे तुले? चावी कुठली आहे खिशात?"

मी इंग्रजीत बिशान, सिंगापूर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. इच्छेच्या जागी मी पासचं काहीतरी लिहिणार होतो. आईनं ओळखलं. "ते नको. बाई वाचणार आहे ते. तिले काय करायचं तुह्या पासाशी? भवतु सब्ब मंगलं लिही." देवनागरीत लिहिलं. म्हातारीनं चिठ्ठी दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली, आणि तिला जे एक नाव वाचता आलं ते मोठ्यानं म्हटलं, "शिंगापोरु!" जणू आम्ही चालतच आलो होतो. भाताचा गोळा आम्ही गाडीत बसून चौघांनी वाटून खाल्ला. आत खारवलेलं आंबट फळ होतं. त्या सहलीत चव लागलेला माझा पहिला घास तो.

पुढचं सगळं सरळ आहे. कागद निळ्या फाइलमध्येच होते. ऑफिसच्या पँट्रीत मी ऑलिव्हच्या बिस्किटांचा डबा ठेवला, ग्लॅडिसनं एक उचललं आणि माझा प्रश्न यायच्या आधीच मान हलवली, "स्टिल पेंडिंग." सत्तावीस जूनला दुपारी, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, माशांचं सूप पुढे असताना, तिचा मेसेज आला. मंजूर, दोन वर्षं. मी सुजाताला फोन केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मी सूप संपवता संपवता हिशेब केला: दोन वर्षांनी मैत्रीचं ए लेव्हलचं, म्हणजे बारावीचं वर्ष असेल. आनंदाला मी एक सूप संपेपर्यंतसुद्धा राहू दिलं नाही.

ते दोन वर्षांनी म्हणजे आत्ता. पुन्हा नऊ जुलै, पुन्हा अर्ज गेलेला, पुन्हा खाली ड्युरियनचे ढीग. मैत्री अभ्यासाला लायब्ररीत जाते आणि जाताना मला विचारत नाही. विचारत नाही हे मला ऐकू येतं. या वर्षी आम्ही कुठे गेलो नाही. आईलाही मी सांगितलं होतं, निकाल लागेपर्यंत येऊ नकोस. ती बरं म्हणाली होती. इतक्या सहज ती बरं म्हणाली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

गेल्या शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"तिकीट काढलं मी."

"कशाचं?"

"तिकडचं. वीस ऑगस्टचं."

"आई! नऊ जुलैला पास संपतोय. ऑगस्टात आम्ही इथे असू की नाही..."

"मले माहीत आहे नऊ जुलै. पन्नास वेळा सांगतलं तू."

"मग थांबायचं होतंस ना."

"किती थांबू? मी अठ्ठ्याहत्तरची आहे. तुह्या पासाची मुदत वाढते रे, माह्या गुडघ्यांची नाही वाढत. अन् पोरीची परीक्षा आहे. तिले सकाळी गरम थालीपीठ कोण देईल? तुही बायको देते ब्रेडले लोणी लावून."

"ऐकू येतंय हो मला, आई!" सुजाता स्वयंपाकघरातून ओरडली.

"ऐकू यावं म्हणूनच बोलली," आई म्हणाली.

मी आवाज खाली आणला. "आणि आम्ही इथे नसलो तर?"

पलीकडे तिनं पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"त मी इथं आहे ना," ती म्हणाली. "मग तू ये."

मी विचारलं, पैसे कितीचे झाले, मी पाठवतो. ती म्हणाली, देऊन झाले. भरले एकतीस हजार दोनशे रुपये. आईनं, तिच्या पेन्शनमधून, चौकातल्या तिकीटवाल्याला. रद्द केलं तर यातला एक रुपयाही परत मिळणार नाही, हे त्यानं तिला दोनदा बजावलं होतं म्हणे.